दहा एमबीत बसवलेला गाळा

रबाळे एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक जुनं व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणारं धातू कापायचं मशीन. बुश, शाफ्ट, फ्लँज अशी जॉबवर्कची कामं. मशीनवर नवरा आणि त्याची माणसं, कागदांवर मी. महापेच्या बाजूच्या एका मोठ्या कंपनीने आमच्याकडून नमुने करून घेतले, ते पास झाले आणि पर्चेसमधून फोन आला, "मॅडम, आता वेंडर रजिस्ट्रेशनची, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंदणीची कागदपत्रं मेल करा. सगळी एकाच मेलमध्ये हवीत हां, वेगवेगळे मेल आले की आमच्याकडे गोंधळ होतो."

लॅपटॉप मुलाबरोबर पुण्याला हॉस्टेलवर. गाळ्यातला कॉम्प्युटर फक्त व्हीएमसीला प्रोग्राम पाठवतो, त्याला इंटरनेट लावायला नवरा तयार नाही आणि ते बरोबरच आहे. राहिला माझा फोन आणि त्यातलं जीमेल.

स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन स्कॅन करता आलं असतं. पण त्याच्या कॉम्प्युटरचा डेस्कटॉप एकदा नीट बघा. कुणाचं पॅन, कुणाचं आधार, कुणाच्या मुलीची गुणपत्रिका, सगळं उघड्यावर पडलेलं. आपण पेनड्राइव्ह काढून निघून येतो, फाईल तिथेच राहते. धंद्याचे कागद मी तिथे नेत नाही.

यादी लांबलचक होती. जीएसटी सर्टिफिकेट, पॅन, उद्यम नोंदणी म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, रद्द केलेला चेक, मालकाचं आधार, मशीनची यादी, त्यांचाच चार पानी फॉर्म सही-शिक्क्यासह, नमुन्याच्या मालाचं टेस्ट सर्टिफिकेट म्हणजे आमच्या भाषेत टीसी, इन्स्पेक्शन रिपोर्ट, आणि गाळ्याचे व मशीनचे फोटो.

यातली निम्मी कागदपत्रं मुळात कागद नाहीतच, हे आधी लक्षात घ्यायला हवं. जीएसटीचं सर्टिफिकेट आमच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलंय, काचेवर ट्यूबलाइट चमकते, त्याचा फोटो काढण्यात अर्थ नाही. पोर्टलवर लॉगिन करून सर्व्हिसेस, मग युजर सर्व्हिसेस, तिथे व्ह्यू-डाउनलोड सर्टिफिकेट्स. आरईजी-०६ नावाचा फॉर्म पीडीएफमध्ये मिळतो. स्वच्छ, आणि फाईल छोटी. उद्यमचंही तसंच, उद्यमच्या साइटवरून पुन्हा प्रिंट काढायची सोय आहे. फोनच्या ब्राउझरमध्ये ही पोर्टल्स जरा वाकडीतिकडी दिसतात. मेनूमध्ये 'डेस्कटॉप साइट' टिक केलं की बटणं जागेवर येतात.

उद्यमचा कागद पूर्वी कुणी फारसा मागत नसे. २०२३ च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात ४३बी(एच) ही तरतूद आली आणि चित्र बदललं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, म्हणजे करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर वर्ष संपताना बाकी राहिलेली ती रक्कम मोठ्या कंपनीला त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही. म्हणून आता आपण कोणत्या गटात बसतो हे त्यांना आधीच हवं असतं. आम्हाला त्याचा फायदाच आहे, म्हणून हा कागद मी यादीत वर ठेवते.

खरे कागद उरले तेवढेच स्कॅन करायचे होते. पूर्वी गाळ्यात सगळेच कॅमस्कॅनर वापरायचे. जून २०२० मध्ये सरकारने ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात तेही गेलं. आता गुगल ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्ये स्कॅनची सोय आहे, कॅमेऱ्याचं चिन्ह दाबायचं. ते कागदाच्या कडा स्वतः ओळखतं, तिरकं पान सरळ करतं आणि सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये घालतं. आयफोनवाल्यांना नोट्समध्येच स्कॅनर मिळतो.

इथे उजेड सांभाळायचा. आमच्या ट्यूबलाइटखाली फोन धरला की हाताची सावली नेमकी शिक्क्यावर पडते. दुपारी शटरजवळ, स्टूलवर काळी रबर शीट अंथरून त्यावर कागद ठेवला. पांढऱ्या टेबलावर पांढरा कागद ठेवला तर अ‍ॅपला कड सापडत नाही, काळ्यावर लगेच सापडते. चार पानी फॉर्म असा एका बैठकीत झाला. ब्लॅक अँड व्हाइट निवडलं असतं तर फाईल आणखी हलकी झाली असती, पण निळा शिक्का आणि निळी सही काळी दिसली की काही कंपन्या "ही झेरॉक्स आहे" म्हणून परत पाठवतात. सही-शिक्क्याची पानं रंगीतच ठेवली. टीसी काळ्या-पांढऱ्यात. त्यात हीट नंबर, म्हणजे धातू कोणत्या ओतीचा ते सांगणारा आकडा, वाचता आला म्हणजे झालं. तो झूम करून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण तिकडचा क्वालिटीवाला सगळ्यात आधी तोच बघतो.

आधारची गंमत वेगळी. साइटवरून उतरवलेल्या ई-आधारच्या पीडीएफला कुलूप असतं. पासवर्ड म्हणजे इंग्रजीतल्या नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं वर्ष. फाईल तशीच पाठवली तर पर्चेसवाला उघडू शकत नाही, आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिला तर कुलपाला अर्थच उरत नाही. मी मास्क्ड आधार उतरवलं, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ते फोनवर पासवर्ड घालून उघडलं, प्रिंटमध्ये जाऊन 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' केलं. नवी प्रत बिनकुलपाची. कंपनीने पूर्ण नंबर मागितला नव्हता, मग आपण होऊन कशाला द्या?

नावांवरही वेळ घालवला आणि तो वाया गेला नाही. स्कॅन केलेल्या फाईलला अ‍ॅप तारीख-वेळेचं नाव देतं, फोटोंना आयएमजी आणि पुढे आकड्यांची माळ. समोरच्याकडे रोज असे किती मेल येत असतील. मी प्रत्येक फाईलला आधी आकडा, मग कागदाचं नाव, मग गाळ्याचं नाव दिलं, सगळं इंग्रजी अक्षरात, मधे स्पेसऐवजी आडवी रेघ. मराठी नावंही चालायला हवीत, चालतातही, पण एखाद्या जुन्या सिस्टीममध्ये गेली की प्रश्नचिन्हं होतात. आकडा पुढे असला की यादीत फाईली फॉर्ममधल्या क्रमाने लागतात.

मग फोनच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये एक फोल्डर करून सगळं तिथे आणलं. जीमेलची क्लिप दाबून एकेक फाईल शोधत बसलं की 'रिसेंट'मध्ये लग्नाची आमंत्रणं आणि भलत्याच पावत्या वर येतात. त्यापेक्षा फोल्डरमध्ये जाऊन सगळ्या फाईली निवडायच्या, शेअर दाबायचं, जीमेल निवडायचं. सगळ्या एकदम एका मेलला लागतात. पत्ता मात्र सगळ्यात शेवटी टाकते. चुकून सेंडवर बोट लागलं तरी पत्त्याशिवाय मेल कुठे जात नाही.

जीमेलची मर्यादा २५ एमबी. माझ्या फाईली मिळून चौदाच्या आसपास होत्या, म्हणून मेल निर्धास्त पाठवला. आधी तो आउटबॉक्समध्येच अडकून बसला. पत्र्याच्या शेडमध्ये फोन वाजतो, पण एवढं वजन वर चढवायला सिग्नल पुरत नाही. त्यातून फोन बॅटरी सेव्हरवर होता. रस्त्यावर चहावाल्यापाशी येऊन बॅटरी सेव्हर काढला, तेव्हा सुटला. सेंटमध्ये दिसायला लागला. चहा संपायच्या आत इनबॉक्समध्ये एक मेल आला, पाठवणारा 'मेल डिलिव्हरी सबसिस्टम'.

हा मेल आला की बरेच जण घाबरून पुसून टाकतात. पुसू नका, त्यात कारण लिहिलेलं असतं. इंग्रजी मजकुराच्या गर्दीत एक आकडा शोधायचा. चारने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे, यंत्रणा स्वतःच पुन्हा प्रयत्न करते. पाचने सुरू होत असेल तर आपण काही बदलल्याशिवाय ते जाणार नाही. माझ्यात ५५२ होता, म्हणजे मेल आकाराने मोठा. पर्चेसला फोन केला. "अहो सर, तुमच्याकडे किती एमबीपर्यंत घेतात?" त्यांनी आयटीला विचारून सांगितलं, दहा. फॉर्मवर हे कुठेही छापलेलं नव्हतं.

आता लिंक पाठवण्याचा पर्याय होता. फाईली २५ एमबीच्या वर गेल्या की जीमेल त्या ड्राइव्हवर टाकून लिंकच देतं. पण त्या कंपनीत ड्राइव्ह उघडतच नाही, बाहेरचं सगळं बंद. झिप करूनही हाती काही लागत नाही, कारण फोटो आणि स्कॅन आधीच दाबलेले असतात, झिपमध्ये आणखी फारसे दबत नाहीत. शिवाय झिप बघून त्यांचं फिल्टर संशय घेतं ते वेगळंच.

मशीनचे काही फोटो काढून टाकले, बेरीज नऊ एमबीवर आणली, पाठवला. तोही परत. तोच ५५२. नऊ म्हणजे दहापेक्षा कमी, एवढं गणित तर मला येतं! रात्री मुलाला फोन लावला तेव्हा उलगडा झाला.

ईमेल पोचवण्याचे मूळ नियम १९८२ चे, आणि ते फक्त साध्या इंग्रजी अक्षरांसाठी केलेले. फोटो, आवाज, पीडीएफ यांना त्यात जागाच नव्हती. १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी माइम नावाची पद्धत आणली, तिच्यामुळे अटॅचमेंट जोडता येऊ लागली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये बोरेनस्टीन यांनी पाठवलेल्या मेलला त्यांच्या स्वतःच्या गाणाऱ्या चौकडीचा फोटो आणि गाण्याचं रेकॉर्डिंग जोडलेलं होतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून लोक फोटोच पाठवतायत. पण जुने रस्ते अक्षरांचेच होते, म्हणून फाईल अक्षरांत बदलून पाठवावी लागते. फाईलच्या दर तीन बाइटना चार अक्षरं लागतात. त्यामुळे प्रवासात वजन एक तृतीयांशाने वाढतं. मला ते लगेच पटलं, कारण शाफ्ट लाकडी पेटीत घालून ट्रान्सपोर्टला दिला की काट्यावर पेटीसकट वजन भरतं आणि भाडंही तेवढ्याचंच लागतं. माझे नऊ एमबी कंपनीच्या दारात बारा झाले होते. दहाच्या दारातून जायचं तर फाईली साडेसातच्या आत हव्यात, आणि मजकूर-सहीचं धरून सातच्या आत बऱ्या.

फुगवटा होता मशीनच्या फोटोंत. फोनचा एकेक फोटो चार-चार एमबीचा, आणि पर्चेसला दिसायला हवं काय, तर मशीन आहे आणि चालू आहे. इथे व्हॉट्सअ‍ॅपची एरवी नकोशी वाटणारी सवय कामाला आली. व्हॉट्सअ‍ॅप साधा पाठवलेला फोटो दाबून लहान करतं. ते सगळे फोटो स्वतःलाच पाठवले, परत सेव्ह केले, प्रत्येक काहीशे केबीवर आला. कागदांच्या बाबतीत नेमकं उलटं करायचं. व्हॉट्सअ‍ॅपवरून कागद कुणाला पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवायचा, नाहीतर हीट नंबरची राख होते. कितीतरी जण टीसीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतात आणि तोच पुढे मेलला जोडतात, मग क्वालिटीवाले ओरडतात.

या वेळी बेरीज सहाच्या थोडी वर. विषयात त्यांनी दिलेला एन्क्वायरी नंबर आणि 'वेंडर रजिस्ट्रेशन'. मजकुरात फाईलींची यादी त्याच आकड्यांनी, म्हणजे तिकडे एखादी कमी पोचली तर त्यांना कळेल. सीसीमध्ये नवरा, कारण मेलचा विषय निघाला की तो "मला कुठे आलाय?" विचारतो. घरच्या वायफायवर पाठवला. यावेळी परतीचा मेल आला नाही.

मेल परत आला नाही म्हणजे उघडून बघितला असं होत नाही, स्पॅममध्येही पडू शकतो. सकाळी फोन केला. पर्चेसवाल्यांनी माझ्यासमोर, म्हणजे फोनवरच, एकेक फाईल उघडली. "सात नंबर, मशीन लिस्ट, हो. आठ, टीसी, हो." चेक बघून म्हणाले, नाव छापलेलं आहे ना, मग बँकेचं पत्र नको. काही चेकबुकांवर खातेदाराचं नाव नसतं, तिथे मात्र पत्र लागतं.

आठवड्याभरात वेंडर कोड आला. त्याच मेलमध्ये खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, फॉर्मची मूळ प्रत कुरिअरने पाठवावी. पाठवली. दोन दिवसांनी पहिली एन्क्वायरी आली, जोडलेलं ड्रॉइंग स्टेप फाईलमध्ये, म्हणजे थ्रीडी डिझाइनच्या फाईलमध्ये, जे माझ्या फोनवर उघडत नाही. तो मेल मी तसाच आमच्या प्रोग्रामरला फॉरवर्ड केला आणि पर्चेसला लिहिलं की ड्रॉइंगची पीडीएफही जोडत चला, दर काढायला मला मापं दिसावी लागतात.