संख्यामालिकांनी घातलेला घोळ

झालेल्या पेपरवर बोलू नये असं सगळेच सांगतात, आणि हॉलबाहेर पडल्या पडल्या सगळेच बोलतात. आमचीही तीच गत झाली. टक्केवारी, काळ-काम-वेग यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वाद पेटला तो संख्यामालिकांवरून. प्रश्नपत्रिका सोबत आणता आली होती हे नशीब. नाहीतर निम्मं भांडण आकडा 35 होता की 36 यावरच झालं असतं.

3, 7, 16, 35, ?, 153 ही त्यातल्या त्यात सोपी. फरक 4, 9, 19. पहिले दोन दिसले की कुणीही वर्गसंख्यांच्या मागे धावतं, आणि 19 ला अडकतं. मैत्रिणीने दुप्पट अधिक 1, दुप्पट अधिक 2 अशी चढत जात 74 काढले होते. दुसऱ्याने नुसते फरक पाहिले: प्रत्येक फरक आधीच्याची दुप्पट अधिक 1, म्हणजे पुढे 39. त्याचेही 74. शेवटचे 153 छापलेलेच असल्याने पडताळाही झाला. रिकामी जागा मध्ये असलेली मालिका मला म्हणूनच आवडते.

दुसरी मात्र छळणारी होती: 2, 3, 4, 6, 9, 13, ? फरक 1, 1, 2, 3, 4. "फिबोनाची!" असा एकच गलका झाला. पण फिबोनाचीत प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते, म्हणून 3 नंतर 5 येतात, इथे 4 आहेत. एकाने थेट छपाईची चूक ठरवून टाकली. बरेच जण पुढचा फरक 5 धरून 18 वर खूण करून आले होते. मग फरकात 1 दोनदा कशाला, या प्रश्नावर गप्प. मी मालिकेखाली फरकांची ओळ लिहिली तेव्हा दिसलं की तिथे सुरुवातीच्या दोन एकांनंतर वरचीच मालिका पुन्हा सुरू होतेय: 2, 3, 4... म्हणजे पुढचा फरक 6, आणि उत्तर 19. वेगळ्या शब्दांत, 13 मध्ये दोन घरं अलीकडचे 6 मिळवायचे. 9 अधिक 4 तेरा, 6 अधिक 3 नऊ, सगळं जुळतं. घरी शोधलं तर ही जुन्या काळचे गणिती नारायण पंडित यांची गायींची मालिका निघाली, 1356 सालची. गाय दरवर्षी एक वासरू देते, ते वासरू चौथ्या वर्षापासून स्वतः देऊ लागतं, तर कळप किती वाढेल? यंदाचा कळप म्हणजे गेल्या वर्षीचा, अधिक तीन वर्षांपूर्वी जेवढ्या होत्या तेवढी नवी वासरं. परीक्षेत हे कुणाला आठवणार म्हणा.

खरा राडा तिसरीवर: 2, 4, 8, ? आणि पर्यायांत 14 आणि 16 दोन्ही! दुप्पटवाले 16 वर ठाम. फरक 2, 4, 6 घेणारे 14 वर. ज्यांनी निगेटिव्ह मार्किंगच्या भीतीने प्रश्न सोडला होता, ते मजा बघत उभे. एक जण म्हणाला, "अरे, तीन पदांवरून चौथं काहीही काढता येतं, 100 सुद्धा." खरंच आहे ते, हव्या त्या चार संख्यांतून जाणारं बहुपदीचं सूत्र बसवता येतं. पण परीक्षेत सर्वांत साधा नियम धरायचा असतो. अडचण अशी की इथे दोन्ही नियम सारखेच साधे होते.

तात्पुरत्या उत्तरतालिकेत 16 आले, तेव्हा आम्ही हरकत घ्यायचं ठरवलं. "14 पण बरोबर वाटतं" एवढ्याने भागत नाही, आधार जोडावा लागतो. पहिल्या मसुद्यात रागच जास्त होता, तो खोडला. एका बाजूला 2 चा n वा घात, दुसऱ्या बाजूला n² − n + 2, आणि n = 1, 2, 3 घालून दोन्हींकडून 2, 4, 8 काढून दाखवले. खाली वर्तुळांची आकृती. एका वर्तुळाने कागदाचे दोन भाग होतात, दोन वर्तुळांनी जास्तीत जास्त चार, तिघांनी आठ. चौथं वर्तुळ आधीच्या तिघांना फार तर प्रत्येकी दोन बिंदूंत छेदतं, म्हणजे सहा बिंदू, सहा नवे भाग, एकूण चौदा. चार वर्तुळांनी सोळा भाग करून बघा, होतच नाहीत. माझ्या मते सूत्रापेक्षा ही आकृतीच जास्त बोलकी होती.

अंतिम उत्तरतालिकेत तो प्रश्न रद्द झाला आणि गुण सगळ्यांना मिळाले, सोडून आलेल्यांनाही. 16 वाला मित्र अजून कुरकुरतो, "माझं बरोबर होतं ना, मग या सगळ्यांना फुकट का?" त्याचंही चूक नाही; 14 वालेही हेच म्हणतात.