ऑइल कुठं जातंय, त्याआधी कधी जातंय

टोचन लावून ती गाडी भांडुपला आमच्या गॅरेजात आली तेव्हा ऑइल किती आहे ते दाखवणारी पट्टी फक्त टोकाला ओली होती. सात वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, मीटरवर ६२ हजार. सेकंडहँड घेऊन आठ महिने झाले होते. गाडी चालवणाऱ्या ताई मुलुंडला एका हॉस्पिटलात नर्स आहेत, घर पवईला. ड्युटी संपवून घरी जाताना कांजूरमार्गला लिंक रोडकडे वळल्या आणि ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागून विझला. त्यांनी गाडी तिथंच कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि पुन्हा चावी फिरवली नाही. एवढ्यानंच त्यांचं इंजिन वाचलं.

हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. तो दिवा ऑइलच्या लेव्हलचा नसतो, प्रेशरचा असतो. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल फार खाली गेलं की वळणावर ते एका बाजूला सरकतं, पंपाची जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो आणि प्रेशर पडतं. दिवा लागतो तोवर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगला कमी ऑइल मिळायला सुरुवात झालेली असते. ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेतो’ म्हणून निघालेल्या गाड्यांची बेअरिंगं मी हातात घेतली आहेत. तांबं बाहेर आलेलं असतं.

म्हणून आधी उरलेलं ऑइल काढलं, फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उलगडला. चमकणारा कण नाही, चुंबकाला काही चिकटलं नाही. बेअरिंग शाबूत होतं. इंजिनात जेमतेम दीड लिटर ऑइल उरलं होतं. भरायला लागतं साडेतीन.

ऑइल सारखं कमी होतं म्हणून याआधी ताई दुसऱ्या एका गॅरेजात जाऊन आल्या होत्या. तिथं ऑइलचं झाकण उघडून, आतला पिवळसर फेस दाखवून ‘हेड गॅस्केट गेलंय, रिंगा पण गेल्यात, इंजिन खाली उतरवावं लागेल’ असं सांगितलं होतं. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधलं पॅकिंग, ते गेलं की कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळू शकतं. रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या. खर्च पन्नास हजारांच्या वर, आणि गणपती तोंडावर. देवरुखला घरचा गणपती, सासऱ्यांना एसटीचा प्रवास झेपत नाही, म्हणून तर ही गाडी घेतलेली.

पावसाळ्यात मुंबईत झाकणाखाली फेस दिसला म्हणून कुणी हेड गॅस्केटचं नाव घेतलं की मला राग येतो. मुलुंड ते पवई हे अंतर इतकं कमी की इंजिन तापतं न तापतं तोच बंद होतं. हवेतली वाफ आत थंड होते, ऑइलमध्ये मिसळते आणि वरच्या गार भागात पिवळी पडून बसते. हेड गॅस्केट गेलंय की नाही हे रेडिएटरमध्ये बघायचं, पट्टीवरच्या ऑइलचा रंग बघायचा, कूलंटची लेव्हल बघायची. इथं कूलंट स्वच्छ हिरवं होतं, लेव्हल जागेवर होती, पट्टीवरचं ऑइल काळं होतं पण दुधाळ नव्हतं.

संध्याकाळी ताईंबरोबर त्यांचे सासरे आले. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. दर रविवारी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, सोसायटीच्या त्याच सपाट जागेवर पट्टी काढून घेतलेली नोंद: तारीख, किलोमीटर, खुणेपासून किती खाली, किती मिलिलिटर टाकलं. त्यासाठी औषधाचं मापाचं प्लास्टिकचं झाकण वापरलेलं.

‘काका, हे कुणी सांगितलं तुम्हाला लिहायला?’

‘कुणी कशाला सांगायला पाहिजे? गाडी घरची आहे, तिचा हिशोब नको?’

मी वही घेऊन बाकड्यावर बसलो. गाडी ऑइल खाते म्हणून रोज कुणी ना कुणी येतं, पण ‘किती?’ विचारलं की ‘बरंच’ एवढंच उत्तर मिळतं. इथं आकडे होते, आणि ते बोलत होते. शहरात पाचशे किलोमीटर झाले की साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास टाकावं लागत होतं. मे महिन्यात मात्र ही मंडळी कोल्हापूरला जाऊन आली होती, येऊन-जाऊन साडेसातशेच्या वर किलोमीटर, आणि त्या रविवारी पट्टी जेमतेम कांडंभर उतरलेली. काकांनी पुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. पुढचे काही रविवार ड्युट्यांच्या गडबडीत पट्टी बघायची राहिली, आणि त्याच काळात गाडी लिंक रोडवर थांबली.

रिंगा झिजलेल्या असतील तर उलटं व्हायला हवं. हायवेला इंजिन सतत जोरात फिरतं, लोड असतो, रिंगांमधून ऑइल वर जास्त चढतं, जास्त जळतं. शहरात जास्त आणि हायवेला कमी, याचा अर्थ इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना, किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर ऑइल जात असणार. त्या वेळी थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांत, व्हॅक्यूम (आत ओढणारी पोकळी) सर्वांत जास्त असतो. कुठूनतरी तो व्हॅक्यूम ऑइल ओढत होता. शिवाय शहरात छोट्या फेऱ्यांमुळे थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि लेव्हल खोटी वर दाखवतं. म्हणजे शहरातलं खरं नुकसान वहीतल्यापेक्षाही थोडं जास्तच.

आता जागा दोनच: व्हॉल्व्ह सील, म्हणजे सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली उतरू न देणारं रबर, नाहीतर पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या आतला वायू परत हवेच्या वाटेत सोडणारी झडप. पण बाहेरची गळती नाही हे दाखवल्याशिवाय पुढं जायचं नाही, हा आमचा नियम. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या, पॅकिंगला ओल होती, मागच्या बाजूने धूळ चिकटून काळी झालेली. पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये थेंब पडले तरी पाण्याबरोबर वाहून जातात, त्यामुळे ‘खाली डाग नाही’ याला अर्थ नसतो. इंजिन धुऊन वाळवलं, सांध्यांवर पावडर मारली, ताजं ऑइल खुणेपर्यंत भरलं, गाडी फिरवून आणली आणि रात्री खाली मोठा पुठ्ठा पसरला. सकाळी पुठ्ठ्यावर काही नाही. पावडर फक्त टॅपेट कव्हरच्या एका कोपऱ्यात ओलसर. एवढ्या पाझरण्याने महिन्याला चमचाभर जाईल, पाव लिटर नाही.

मग प्लग काढले. चारही प्लगवर सारखाच करडा-काळा राखेचा थर, थोडा तेलकट. एका सिलिंडरची रिंग किंवा एखादा सील खराब असला की एक प्लग वेगळा दिसतो. चारही सारखे म्हणजे ऑइल चौघांना एकाच ठिकाणाहून वाटलं जात होतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायचं मीटर लावलं: चारही १७० पीएसआयच्या आसपास, आपसात दहाचाही फरक नाही. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून पुन्हा बघितलं. रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलनं फट भरून काटा चांगलाच वर गेला असता. तो होता तिथंच राहिला. पन्नास हजारांचं काम इथंच संपलं.

रात्रभर उभी राहिल्यावर पहाटे सुरू केली तर सायलेन्सरमधून निळसर धुराची एक झुळूक आली आणि गेली. म्हणजे व्हॉल्व्ह सील थोडे कडक झालेत, सात वर्षांच्या गाडीत ते असायचंच. पण त्या झुळकेत साडेतीनशे मिलिलिटर नसतं. पहाटेच ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला गाडी घेऊन गेलो. आमचा पोऱ्या स्कूटरवर मागे, नजर सायलेन्सरवर. तिसऱ्या गिअरमध्ये वेग घेऊन ॲक्सिलरेटर पूर्ण सोडायचा, गाडी इंजिनवरच हळू होऊ द्यायची, आणि मग एकदम दाबायचा. दर वेळी दाबल्यावर निळा धूर, आणि तो बराच वेळ टिकणारा. नुसत्या सीलचा एवढा राहत नाही.

गॅरेजात परत येऊन इंजिन चालू ठेवलं, ऑइलचं झाकण काढलं आणि भोकावर भाजीची पातळ पिशवी ठेवली. रिंगा गेलेल्या गाडीत पिशवी वर फुगते, धडधडते. चांगल्या गाडीत हलकीशी चिकटून थरथरते. इथं ती फट्कन आत खेचली गेली, ताणून बसली आणि इंजिनचा आवाज बदलला. पोऱ्या म्हणाला, ‘मामा, हे तर पिशवी गिळतंय.’

सिलिंडरमधून रिंगांच्या कडेने थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतच असतो, नव्या गाडीतही. पूर्वी तो ब्रीदर पाइपने रस्त्यावर सोडायचे. आता पीसीव्ही व्हॉल्व्हमधून इनटेकमध्ये परत नेऊन जाळतात. त्या व्हॉल्व्हमध्ये एक स्प्रिंग आणि छोटा दांडा असतो. आयडलला व्हॅक्यूम जास्त, तेव्हा दांडा वाट अरुंद करतो. तो उघडाच अडकला की सगळा व्हॅक्यूम इंजिनाच्या आतून ऑइलची वाफ आणि थेंब ओढत राहतो.

व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवला. चांगला व्हॉल्व्ह टकटक वाजतो. हा मुका होता. आत डांबरासारखा थर, दांडा पूर्ण उघडा अडकलेला. थ्रॉटल बॉडी उतरवली तर मॅनिफोल्डच्या तळाशी ऑइलचं चक्क डबकं, बोट पहिल्या पेरापर्यंत बुडालं. व्हॉल्व्ह सीलचं ऑइल इथवर वर येऊ शकत नाही, ते सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या खालीच जातं. टॅपेट कव्हर उलटं करून बघितलं तेव्हा मूळ कारणही सापडलं. कव्हरच्या आत ऑइल आणि वायू वेगळे करणारी पत्र्याची जाळी असते, तिची ऑइल खाली सोडणारी भोकं गाळाने बुजली होती. ऑइल तिथंच साठायचं आणि व्हॉल्व्ह ते ओढून घ्यायचा. ताजी हवा आत नेणारा पाइपही अर्धा भरलेला. म्हणूनच पिशवी एवढ्या जोरात खेचली गेली.

हा गाळ आठ महिन्यांतला नव्हता. ताई म्हणत होत्या की गाडी घेतली तेव्हा ऑइल खात नव्हती, पहिल्या सर्व्हिसनंतर सुरू झालं. सर्व्हिसला मॅन्युअलप्रमाणे ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल टाकलेलं होतं, बिल त्यांनी जपून ठेवलेलं. स्टेपनी तपासायला डिकीतला गालिचा उचलला तर चाकाच्या खाचेत जुन्या फडक्यात गुंडाळलेला एक कॅन सापडला, २०डब्ल्यू-५० या घट्ट ऑइलचा, अर्धा संपलेला. आधीच्या मालकाला गाडी ऑइल खाते हे ठाऊक होतं आणि घट्ट ऑइल टाकून तो दिवस काढत होता. घट्ट ऑइल कमी ओढलं जातं, धूरही झाकतं. पण या इंजिनाच्या बारीक वाटांसाठी ते बनलेलं नाही, थंड इंजिनात वर पोचायला वेळ लावतं. ज्यांनी कुणी सेकंडहँड गाडी बघायला जायचं असेल त्यांनी डिकीचा गालिचा जरूर उचलावा, आणि आदल्या रात्रीपासून बंद असलेली गाडी स्वतः सुरू करून बघावी.

काम असं केलं: नवा पीसीव्ही व्हॉल्व्ह, चारपाचशे रुपयांचा. टॅपेट कव्हर डिझेलमध्ये भिजवून ब्रशने भोकं मोकळी केली, पॅकिंग नवं. मॅनिफोल्ड उतरवून धुतला, ब्रीदरचे पाइप बदलले. चेंबर उघडून पंपाची जाळी साफ केली. इंजिन फ्लशची बाटली मी अशा गाडीत कधी टाकत नाही. गाळाचे तुकडे सुटून त्याच जाळीवर बसतात, मग लाल दिवा कायमचा लागतो. त्याऐवजी त्याच ग्रेडचं ऑइल आणि पहिले दोन बदल निम्म्या अंतरावर, म्हणजे गाळ हळूहळू निघतो. सगळं मिळून बिल आठ हजारांच्या आत बसलं. पिशवी पुन्हा ठेवली, ती नुसती चिकटून थरथरत राहिली. काका वाकून बघत होते. त्यांनी पिशवीवर दोन बोटं ठेवून पाहिली आणि मान डोलावली.

सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑइल जळेपर्यंत थोडा धूर येईल, घाबरू नका, असं सांगून गाडी दिली. मला काळजी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याची होती. ऑइलमधल्या फॉस्फरस आणि झिंकची राख त्याच्या आतल्या थरावर बसते आणि तो निकामी होत जातो. ऑइल खाणाऱ्या गाडीत हा खर्च मागाहून येतो, आणि तो पीसीव्हीच्या कितीतरी पट असतो. पीयूसीला आकडे मर्यादेत आले, म्हणून तूर्त हात लावला नाही.

मंडळी गणपतीला देवरुखला जाऊन आली. परत आल्यावर आणखी हजारभर किलोमीटर शहरात झाले तेव्हा काकांचा फोन आला. एकूण दीडशे मिलिलिटर टाकावं लागलं होतं.

‘हे उरलेलं कुठून जातंय?’

‘व्हॉल्व्ह सीलमधून, काका. सकाळची ती झुळूक.’

‘मग सील पण बदलून टाकूया का?’

मी नको म्हणालो. काही कंपन्या आपल्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालतं असं लिहितात. दीडशेसाठी हेडचं काम काढायचं नाही. हजाराला तीनशेच्या वर गेलं, किंवा सिग्नलला थांबून निघताना मागे धूर दिसायला लागला, तर गाडी आणा, तेव्हा सील करू. तोवर डिकीत ०डब्ल्यू-२० चा एक लिटरचा कॅन ठेवा आणि तो जुना २०डब्ल्यू-५० माझ्याकडे द्या, चुकून कुणी टाकायला नको. पुढच्या रविवारी ताई ड्युटीवर जाताना तो कॅन गॅरेजात देऊन गेल्या.