एकाहत्तर मीटर

आमच्या हॉटेलच्या दारात उभं राहिलं की मारुतीच्या देवळाचा कळस दिसतो. शनिवारी तिथं तेल वाहायचं आणि मगच गल्ल्यावर बसायचं, हा माझा दहा-बारा वर्षांचा शिरस्ता. देऊळ किती लांब, असं कुणी विचारलं असतं तर "हे काय, हाकेवर" म्हणून मोकळी झाले असते. ही हाक नेमकी किती मीटरची, ते परमिट रूमचा अर्ज केल्यावर कळलं.

हॉटेल जुळे सोलापुरात, कोपऱ्याच्या प्लॉटवर. मटण, शिक, कडक भाकरी, शेंगाचटणी. चौदा टेबलं. लॉकडाऊन उठल्यावर गिऱ्हाईक परत आलं, पण येताना बाटली घेऊन यायला लागलं. टेबलाखाली पिशवी, पाण्याच्या ग्लासात रंग. पोरं येऊन सांगायची, "वैनी, चार नंबरला चालू झालंय." हाकललं तर ते घर पुन्हा जेवायला येत नाही. न हाकलावं तर जोखीम सगळी माझी. परवाना नसलेल्या जागेत लोकांना पिऊ दिलं, तर दारूबंदी कायद्याच्या कलम ६८ खाली जागा चालवणाऱ्यावर गुन्हा, आणि तिथं पिताना सापडलेल्यावर कलम ८४. "मला माहीत नव्हतं" हे तिथं चालत नाही. चौदा टेबलांच्या हॉटेलात मालकिणीला माहीत नसतं म्हणजे काय?

हे नोकरीला धाराशिवला, हॉटेल माझ्या नावावर. त्यामुळं ठरवायचं मलाच होतं. दोनच वाटा: एक तर दारात पाटी लावून खरोखर बंद करायचं, नाहीतर रीतसर परवाना काढायचा. २०२२च्या दिवाळीनंतर मी दुसरी धरली.

घरात पहिला स्फोट आत्याबाईंचा. माझ्या सासूबाई. आयुष्यभर विड्या वळल्या, दिवसाला हजारभर. "दारू इकून खायाचं दिस आलं का गं आपल्यावर?" त्यांचं बरोबरच होतं. आम्ही गावाकडं होतो तेव्हा देशीचं दुकान बंद करायला मतदान झालं होतं आणि आत्याबाई सकाळी सातला रांगेत उभ्या होत्या. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. चौथा हिस्सा मतदार बायकांनी मागणी केली की मतदान लागतं, आणि निम्म्याहून जास्तींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. ही निम्मी मोजायची एकूण यादीतून, आलेल्यांतून नाही. ऊसतोडीला गेलेल्या बायका यादीत होत्या, रांगेत नव्हत्या. थोडक्यात हुकलं. त्या बाईला आता सून सांगणार, की मी उभी बाटली आणतेय!

मी एवढंच म्हटलं, की लोक आत्ताही पितातच, फक्त चोरून, माझ्या जिवावर. त्या काही बोलल्या नाहीत. आठ दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही.

गंमत अशी की आपल्याकडं दारू विकायचा परवाना मिळतो तो दारूबंदीच्या कायद्याखाली. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. मुळात सगळं बंद, आणि त्यातून जे सोडलंय ते परवान्यावर. वाइन शॉपचा एफएल-२, परमिट रूमचा एफएल-३, क्लबचा एफएल-४, देशीचा सीएल-३, बिअर शॉपीचा आणखी वेगळा. एफएल-३ म्हणजे बसून प्यायचं. सीलबंद बाटली पिशवीत घालून घरी द्यायची नाही. आणि ही परमिट रूम का, तर परमिट गिऱ्हाइकाकडं असायला हवं म्हणून! पिणाऱ्यालाही परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. आयुष्यभर बारमध्ये बसलेल्या माझ्या चुलत दिरांना हे सांगितलं, तर ते आधी हसले आणि मग गप्प झाले.

ह्याच दिरांची सूचना होती, की शहरात कशाला, माझी जागा पुणे हायवेला लागून आहे, तिथं घाल. महापालिका हद्दीबाहेरची जागा. तो विषय एका दिवसात मिटला. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद केली. वीस हजारांच्या आतल्या वस्तीला पुढं ते २२० मीटर झालं, महापालिकांच्या हद्दीला २०१७च्या जुलैत मोकळीक मिळाली. दिरांची जागा हायवेपासून चाळीस पावलांवर. आपलं सोलापूर म्हणजे पुण्याचा, हैदराबादचा, विजापूरचा असे सगळे रस्ते गळ्यात घालून बसलेलं गाव. त्या निकालानं हद्दीबाहेरच्या किती जणांची झोप उडवली असेल ते लांबूनच बघितलं होतं.

मग एक एजंट गाठला. हीच माझी मोठी चूक. नाव सांगत नाही, पैसेही सांगत नाही, सांगायची लाज वाटते. "मॅडम, मीटरचं मी बघतो, तुम्ही फक्त सह्या करा." मी केल्या. महिन्यानं त्रुटी निघाली, की नकाशा जागेशी जुळत नाही. कसा जुळेल? त्यानं कुणा दुसऱ्याच हॉटेलचा नकाशा माझ्या नावानं जोडलेला. त्यात माझ्या भटारखान्याच्या जागी पुरुषांची मुतारी होती.

तिथून पुढं मी स्वतःच फाइल धरली. मिळकत पत्रिका, बांधकाम आणि वापर परवाना, अन्न परवाना, शॉप ॲक्ट, जीएसटी, अग्निशमनचा दाखला, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, प्रतिज्ञापत्रं. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाकडं जातो, पाहणी निरीक्षक करतात, अधीक्षकांचा अहवाल जातो, पोलिसांचा वेगळा जातो, आणि परवाना द्यायचा की नाही ते जिल्हाधिकारी ठरवतात. कागद गोळा करणं कंटाळवाणं असतं, अवघड नसतं. अवघड होतं ते मीटरचं.

नियम असा: शाळा, धार्मिक स्थळ, एसटी स्टँड यांपासून ७५ मीटरच्या आत परमिट रूम नको. पण ७५ मोजायचे कसे, त्यात सगळी मेख. कावळा उडतो तसं सरळ नाही. आपल्या प्रवेशदाराच्या मध्यापासून, माणूस नेहमी पायी ज्या जवळच्या वाटेनं जातो त्या वाटेनं, समोरच्या फाटकाच्या मध्यापर्यंत. कंपाउंड भिंत असेल तर फाटक, नसेल तर इमारतीचं दार. आणि प्रत्येक देऊळ यात मोजलं जात नाही. नोंदणीकृत सार्वजनिक विश्वस्त संस्थेचं असावं लागतं. म्हणजे पिंपळाखालचा शेंदूर फासलेला दगड मोजत नाहीत, धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेलं देऊळ मोजतात. शाळेचंही तसंच. मान्यता असलेली बालवाडी धरतात, खाजगी क्लास धरत नाहीत. माझ्या समोरच्या बिल्डिंगमध्ये अकरावी-बारावीचे क्लास आहेत, संध्याकाळी सातला शंभर पोरं बाहेर पडतात. नियमाला ती पोरं दिसतच नाहीत. मला फायद्याचंच होतं ते, पण पटलं नाही. आजही पटत नाही.

धर्मादाय कार्यालयात जाऊन चौकशी केली. आमच्या मारुतीचा ट्रस्ट व्यवस्थित नोंदलेला. मनात खोटं कशाला बोलू, नोंदलेला नसता तर बरं, असं क्षणभर वाटलं. पुढच्या शनिवारी तेल वाहताना मारुतीकडं बघवेना.

मोजणीच्या दिवशी निरीक्षक, दोन जवान, दोन पंच आणि टेप. सकाळी अकराचं सोलापुरी ऊन. दारापासून टेप निघाली, फूटपाथवरून, रसवंतीला वळसा घालून, रस्ता ओलांडून देवळाच्या फाटकापर्यंत. आसपासचे सगळे कामं सोडून बघत उभे. पहिल्यांदा एकाहत्तर मीटर आणि काही सेंटिमीटर. साहेबांनी पुन्हा मोजायला लावलं. तेवढंच. "चार कमी पडले, ताई," ते म्हणाले. पंचनाम्यावर सही करताना हात थरथरत होता.

रात्री आत्याबाईच म्हणाल्या, "मारुतीनंच अडीवलं."

पण प्लॉट कोपऱ्याचा. एक बाजू मोठ्या रस्त्याला, दुसरी आतल्या गल्लीला, आणि गल्लीच्या बाजूनं आमचं माल उतरवायचं दार होतं. नकाशा काढणाऱ्या मुलीनं ते दाखवलं: हेच मुख्य प्रवेशदार केलं, तर वाट बिल्डिंगला पूर्ण वळसा घालून जाते. पण दार नुसतं बंद करून चालत नाही. उद्या कुलूप उघडलं की अंतर पुन्हा एकाहत्तर. जुनं दार वीट लावून कायमचं बुजवायचं, त्या बदलाला महापालिकेची परवानगी घ्यायची, नवा नकाशा, नव्यानं अर्जात दुरुस्ती. अडीच महिने गेले. दर्शनी बाजूला भिंत आली, पाटी गल्लीत गेली. जेवायला येणारं जुनं गिऱ्हाईक बुजलेल्या दाराशी येऊन फोन करायचं, "वैनी, बंद केलं काय ओ?"

दुसऱ्या मोजणीला अठ्ठ्याण्णव मीटर भरले. देऊळ जिथं होतं तिथंच आहे. ही पळवाट आहे का? आहेच थोडी. पण नियमाच्या अक्षरात बसणारी आहे, आणि गल्लीतलं दार झाल्यामुळं पिऊन बाहेर पडणारा माणूस देवळासमोर उभा राहत नाही, हेही खरं.

गल्लीतल्या बायकांनी मात्र लेखी हरकत दिली. अठरा सह्या, त्यातल्या तीन माझ्या भिशीतल्या. पहिल्यांदा राग आला, मग मीच त्यांना चहाला बोलावलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: आतल्यांचं काही नाही, बाहेर गाड्यांवर बसून पितात त्यांचं काय? गल्लीत दोन कॅमेरे, पार्किंगला वॉचमन, आणि बाहेर कुणी ग्लास घेऊन दिसला तर त्या मला थेट फोन करणार, एवढं लिहून दिलं. एक जण जाता जाता म्हणाली, "नाही ऐकलं तर आडवी बाटली आहेच." आत्याबाई आतून ऐकत होत्या. पडद्यामागून हसल्याचा आवाज मी ऐकला.

परवाना २०२३च्या जूनमध्ये हातात आला. शुल्क गावाच्या लोकसंख्येवर ठरतं, ते चलनानं भरलं आणि घरातलं सोनं सहा महिन्यांसाठी बँकेत गेलं. परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, म्हणजे मार्च आला की पुन्हा तीच धावपळ.

मिळाला म्हणजे संपलं, असं वाटलं होतं. खरं तर तिथून वह्या सुरू झाल्या. आलेला माल वाहतूक पासासह, ब्रँडनुसार वही, रोजची विक्री मिलीमध्ये. ७५० मिलीची बाटली म्हणजे तीस मिलीचे पंचवीस पेग, सांडलं तरी हिशेब चुकत नाही. दारूला हात लावणाऱ्या प्रत्येक पोराचा नोकरनामा, आणि एकवीसच्या आतला पोऱ्या त्या कामाला ठेवायचा नाही. गिऱ्हाइकाचंही वय बघायचं, कडक दारूला पंचवीस पूर्ण. मिशी फुटलेल्या इंजिनीअरिंगच्या पोराला आधार कार्ड मागितलं की तो असा बघतो, जसं मी त्याची इस्टेट मागितली. बिलंही दोन, कारण जेवण जीएसटीत आणि दारू जीएसटीच्या बाहेर, व्हॅटमध्ये. तो व्हॅट मी सुरू केल्यावर पाचच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२३ पासून, पाचाचा दहा टक्के झाला. १४ जुलै २०२५ला राज्यभर परमिट रूमवाल्यांनी बंद पाळला, त्यात मीही शटर ओढलं.

महाशिवरात्रीला भाच्याच्या डोक्यात आलं, की सिद्धेश्वराचं गाव आपलं, मग ठंडाईत थोडी भांग घालून विकू, एफएल-३ तर आहेच. त्याला बसवून सांगावं लागलं. गांजा आणि चरस १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात. भांगेची पानं त्या कायद्याच्या व्याख्येतून सुटतात म्हणून लोकांना वाटतं मोकळी आहे, पण आपल्या राज्याच्या दारूबंदी कायद्यात तिलाही परवाना लागतो, आणि माझा परवाना विदेशी मद्याचा. ठंडाई विकली, बडीशेप आणि बदामाची. चांगली खपली.

आषाढीला ड्राय डे. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळं कुणाला समजवावं लागत नाही. कपाटाला कुलूप, चावी माझ्या कमरेला, आणि भटारखान्यात साबुदाणा.

आत्याबाई आता वह्या बघतात. "बाटलीला हात लावायची न्हाई, हिशेब बघीन," ही त्यांची अट. हजार विड्यांच्या मोजणीत एक कमी भरली तर कारखानदार पैसे कापायचा, ती सवय बोटांत आहे. परवा रात्री साठा कमी दिसला. वेटरवर ओरडायला मी उठलेच होते. आत्याबाईंनी चष्मा पुसला, पानं मागं उलटत गेल्या आणि पाच तारखेवर बोट ठेवलं. माझाच एक नऊसारखा वाचला गेला होता.