आंबोलीतला 'ॲटलास' नसलेला ॲटलास

आंबोलीला गेलो होतो बेडकांसाठी. ऑगस्टचा पाऊस, सॉक्समध्ये जळू आणि पहिल्या रात्री एकही धड फोटो नाही. वैतागून मुक्कामावर परतलो, तर पडवीतल्या बल्बखाली काकी उभ्या. "हळू येवा. काय करूचो नाय तो."

भिंतीवर पतंग बसला होता. हाताची वीत धरून पाहिली, जेमतेम पुरली. रंग काताचा, मध्येच विटकरी. चारही पंखांवर एकेक त्रिकोणी खिडकी, तिथे खवलेच नाहीत. जवळ गेलो तर त्या खिडकीतून भिंतीचा निळा ऑइलपेंट दिसला! पुढच्या पंखाचं टोक पिवळसर, वळलेलं, त्यावर काळा ठिपका; हुबेहूब सापाचं डोकं. मिशा नेच्याच्या पानासारख्या रुंद, म्हणजे नर. मादीचा गंध लांबून हुंगायला त्या लागतात. खायला मात्र तोंडच नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर मोजके दिवस काढायचे, जोडीदार गाठायचा आणि संपायचं.

"ॲटलास!" सोबतचा मित्र ओरडला. वर्तमानपत्रंही दर पावसाळ्यात अशा पतंगाचं हेच नाव छापतात. पण स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली नाव दिलेला अटॅकस ॲटलास हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंतचा. आपल्या सह्याद्रीतला तो अटॅकस टॅप्रोबॅनिस. १८८०च्या दशकात ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ फ्रेडरिक मूरने श्रीलंकेतल्या पतंगाला हे नाव दिलं. टॅप्रोबेन म्हणजे ग्रीकांची लंका. दक्षिण भारत आणि श्रीलंका एवढंच त्याचं घर. बरीच वर्षं त्याला ॲटलासची उपजात म्हणूनच धरायचे, त्यामुळे मित्राला फार बोलता येईना. कूळ सॅटर्निडी, म्हणजे विदर्भातल्या टसर रेशमाच्या पतंगाचा हा भाऊबंद. तुतीच्या रेशीमकिड्याचं कूळ वेगळं.

(फुलपाखराला आपण राज्य फुलपाखराचा मान दिला. पतंग दिसला की झाडू शोधतो.)

"लायट बंद करतंय हां," काकी म्हणाल्या, "नायतर सकाळी कावळे सोडूचे नाय."

पहाटे तो तिथेच होता. काठीवर घेऊन परसातल्या जांभळीवर ठेवला. पंख थरथरवत राहिला, उडाला नाही. तेवढ्यात काकींच्या लेकाने गावच्या ग्रुपवर फोटो टाकला: 'आमच्याकडचो ॲटलास'. मी दुरुस्ती टाइप केली आणि नेटवर्क गेलं.