भूल उतरली, पण बोटही हलेना

मागच्या पावसाळ्यात अपेंडिक्स सुजलं म्हणून रात्री धंतोलीतल्या एका दवाखान्यात अॅडमिट झालो. भूलवाल्या मॅडमनी विचारलं, घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का, मी कळांनी दुमडलेला, म्हटलं नाही. तिथंच चुकलं बापा.

जाग आली तेव्हा मशीनची टीं टीं ऐकू येऊन राहिली होती, कोणीतरी "श्वास घ्या, जोरात घ्या" म्हणत होतं अन् मी पूर्ण जोर लावत होतो पण छाती हलेच ना, डोळा उघडावा तर पापणी उठत नाही, घशात नळी, आपण जिवंत आहो का मेलो हेच कळेना. मॅडमच्या लवकर लक्षात आलं. कानाशी येऊन म्हणाल्या, ऐकू येत असेल तुम्हाला, घाबरू नका, श्वास मशीन देतंय, मी परत झोपवते. तेवढ्यानं जीवात जीव आला.

पाच तास व्हेंटिलेटरवर होतो. कारण निघालं स्कोलीन, म्हणजे नळी टाकताना स्नायू ढिले करायचं इंजेक्शन. ते ५ ते १० मिनिटांत उतरतं, कारण रक्तातलं सुडोकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम त्याला तोडतं. माझ्यात ते नाहीच, मग मशीनवर ठेवून वाट पाहणं एवढंच.

शुद्धीवर आल्यावर मॅडमचा पहिला प्रश्न, "तुम्ही आर्य वैश्य का?" म्हटलं हो, कोमटी, पण याचा काय संबंध? तर म्हणे आमच्या समाजात हे जास्त सापडतं, आई अन् बाप दोघांकडून यावं लागतं, अन् आमच्यात नात्यातच सोयरिकी.

नंतर या एन्झाइमच्या टेस्टसाठी रक्त द्यायला गेलो तर लॅबवाला पोरगा विचारतो, "भाऊ, फवारणी केली का?" कीटकनाशकाच्या विषबाधेत हीच टेस्ट करतात ना, २०१७ मध्ये यवतमाळकडे किती शेतमजूर सापडले होते त्यात. माझा रिपोर्ट जवळपास शून्य.

घरी सांगितलं तर आई म्हणते, ताईच्या सिझरलाही तिला पूर्ण भूल दिली होती, संध्याकाळपर्यंत उठलीच नाही, आम्हाला वाटलं अशक्तपणा. म्हटलं माय, हे आता सांगून राहिली तू?

ताईचीही टेस्ट तशीच निघाली. दोघांनाही कार्ड मिळालं, स्कोलीन नको, मिव्हाक्युरियम नको, स्नायू ढिले करायची बाकीची औषधं चालतात. ताईनं तिचं कार्ड फ्रिजवर चिकटवलंय. रोज फोनवर सांगतो, बाई, ते पर्समध्ये ठेव.