तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी ओरिजिनल आहे का?

सांगलीत शंभर फुटी रोडवर दुकानासमोर माझी जुनी मर्सिडीज उभी केली की दहा मिनिटांत कुणीतरी थांबतंच. आधी फोटो काढतात, मग कितीला घेतली विचारतात, आणि मग हमखास, "ताई, सगळी ओरिजिनल आहे ना?" परवा विट्याच्या एका मुलाने हेच मेसेज करून विचारलं, त्याला आजोबांची जुनी गाडी नीट करायचीय आणि कुठून सुरुवात करावी कळेना झालंय, त्याला दोन ओळींत उत्तर देता येईना म्हणून इथे नीट लिहितेय.

नाही, सगळी ओरिजिनल नाही. पण काय कंपनीचं, काय नंतरचं, काय माझ्या हातचं, हे मी एकेका पार्टचं सांगू शकते, आणि त्यासाठीच सात वर्षं गेली.

गाडी मर्सिडीज-बेंझ आहे, १९५७ची, ज्या मॉडेलांना सगळे पॉन्टन म्हणतात त्यातली. मी तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा चौथीत होते. दादांचं म्हणजे माझ्या वडिलांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान, डायनॅमो, सेल्फ, वायरिंग, बॅटऱ्या, जे आता मी चालवते. तासगावकडचे एक बागायतदार ही गाडी घेऊन आले होते, चार्जिंग होत नव्हतं, आणि दादा डॅशबोर्डखाली आडवे झाले तेव्हा बॅटरी धरून मी शेजारी उभी. आत चामड्याचा आणि पेट्रोलचा मिसळून एक वास होता तो अजून नाकात आहे.

२०१६ साली कळलं की ती गाडी विकायचीय. गेले तर बेदाण्याच्या शेडमध्ये एका कडेला उभी, वर जाळ्या, चारी टायर बसलेले, सीट उंदरांनी पोखरलेल्या, बेदाणा जिथं तिथं उंदीर आलेच. ज्यांनी गाडी घेतली होती ते आबा वारले होते, त्यांचा मुलगा, त्यांना मी अण्णा म्हणते, ते म्हणाले, "ताई, दोनशेवीस एस हाय ही, टॉपचं मॉडेल. आन् इंजिन बी मर्सिडीजचंच हाय, बघा." डिकीवर २२०एसची पाटी होती. आरसी बुकातला चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळत होता. मी तेवढं बघितलं आणि व्यवहार केला.

दुकानात आणल्यावर तिसऱ्या दिवशी टेप लावली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत. २२०एसचा व्हीलबेस २८२० मिलिमीटर असतो, ही भरली २७५०. परत मोजलं, दुसऱ्या बाजूनं मोजलं, तेवढंच. २७५० म्हणजे २१९. ते मॉडेल कंपनीनं १९५६ ते १९५९ एवढंच काढलं, नाक सहा सिलिंडरच्या गाडीसारखं लांब आणि मागची केबिन चार सिलिंडरच्या १९०ची, म्हणजे सहा सिलिंडरची मजा जरा कमी पैशात मिळावी म्हणून. आणि चेसिस नंबर १०५नं सुरू होत होता, २२०एसचा १८०नं होतो, म्हणजे नंबर पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता, वाचता मला आलं नव्हतं. पाटी काढली तर खाली जुनी भोकं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलेली, आणि लोहचुंबक फिरवला तर मागच्या दोन्ही चाकांवरच्या कमानींना चिकटेचना, पत्र्यावर बोटभर लांबी.

इंजिनाचं जास्त गुंतागुंतीचं निघालं. बॉनेटखाली टेम्पो ट्रॅक्सचं डिझेल इंजिन. पेट्रोल परवडत नाही म्हणून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदीत आपल्याकडे कितीतरी मोठ्या परदेशी गाड्यांची हीच गत झाली, इंपाला, डॉज, प्लायमाउथ, पोटात टेम्पोचं नाहीतर ट्रॅक्टरचं डिझेल. पण अण्णा बोलले ते अगदीच खोटं नव्हतं. ट्रॅक्सचं इंजिन म्हणजे ओएम ६१६, चार सिलिंडर, डायमलर-बेंझचं म्हणजे मर्सिडीज बनवणाऱ्या कंपनीचं डिझाइन, बजाज टेम्पोनं त्यांच्याकडून परवाना घेऊन पुण्यात बनवलेलं. मग ते मर्सिडीजचं म्हणायचं का? वंश त्याच घराण्याचा, पण या गाडीचं ते नव्हे. या गाडीत २१९५ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं, २२०एसचंच, फक्त २२०एसला दोन कार्ब्युरेटर आणि २१९ला एक. ट्रॅक्सचा गिअरबॉक्स बसवायला फ्लोरच्या मधल्या उंचवट्याला, त्याला बोगदा म्हणतात, भोक पाडून गिअर खाली आणलेला, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा मूळ गिअर गायब. जुन्या इंजिनाचं काय झालं कुणाला माहीत नव्हतं, एका पोत्यात एअर क्लीनर आणि कार्ब्युरेटर तेवढा मिळाला.

मग जर्मनीला मेल केला. मर्सिडीजचा जुन्या गाड्यांचा विभाग आहे, चेसिस नंबर आणि मालकीचे कागद दिले की कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हाचं डेटा कार्ड शोधून देतात. ते आलं त्या संध्याकाळी दुकान बंद करून मी एकटी वाचत बसले. मॉडेल २१९. रंग ०४०, म्हणजे काळा. माझ्याकडे आली तेव्हा गाडी चंदेरी होती, त्याखाली मरून, त्याखाली पांढरा, आणि दाराच्या बिजागरीमागं जिथं कुणाचा स्प्रे पोचला नाही तिथं नखाएवढा काळा. इंजिन नंबरही होता, आणि तो आरसी बुकातल्या नंबराशी तंतोतंत जुळत होता. म्हणजे कागद दोन्ही खरे, फक्त ज्याच्याविषयी बोलतायत ते इंजिनच जगात कुठे नाही.

विट्याच्या मुलाला म्हणूनच सांगते, बाबा, पैसे द्यायच्या आधी टेप, चुंबक आणि नंबर. रंग कितीही चकचकीत असू दे, तो सगळ्यात शेवटी बघायचा. आणि खोलायला सुरुवात केलीस की प्रत्येक थराचा फोटो काढ, कारण एकदा घासलं की पुरावा गेला.

२०१९च्या ऑगस्टपर्यंत गाडी पूर्ण खोलून झाली होती, नुसता सांगाडा दुकानामागच्या शेडमध्ये. आणि महापूर आला. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तिथं ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात. बॅटऱ्या, चार्जर, गिऱ्हाइकांची आर्मेचरं जेवढी वर नेता आली तेवढी नेली, सांगाडा कुठे नेणार. पाणी उतरल्यावर बघितलं तर दरवाज्यांखालच्या पोकळ पट्ट्यांत, आम्ही सिल म्हणतो, चिखल गच्च बसलेला. या गाडीला वेगळी चेसिस नसते, पत्र्याची पेटीच सगळा भार घेते, त्यामुळं सिल कुजलं म्हणजे गाडीचा कणाच कुजला. कापून बघितल्यावर कळलं की पुराच्या आधीच तिथं गंज होता, पुरानं फक्त घाई केली. दोन्ही सिल, पुढचा फ्लोर आणि स्टेपनीची खोलगट जागा असं नवीन करावं लागलं, कुपवाडच्या एका शॉपमध्ये अठरा गेजचा पत्रा वाकवून घेतला, आणि सांधे लांबीनं न बुजवता शिसं भरून घासले, कारखान्यात तेव्हा तसंच करायचे. कापलेले जुने तुकडे मी फेकले नाहीत. तारीख लिहून माळ्यावर ठेवलेत, म्हणजे उद्या कुणी विचारलं किती पत्रा मूळचा तर दाखवता येईल.

वायरिंगमध्ये दादांचा जोड सापडला. सुती दोऱ्यानं बांधायची त्यांची एक पद्धत होती, शेवटची गाठ आतून घ्यायचे, मी लगेच ओळखली. ठेवावा का यावर दोन दिवस विचार केला. मग काढला, कारण जवळजवळ चाळीस वर्षांचा जोड चालत्या गाडीत ठेवणं दादांनीच मला कधी शिकवलं नाही. कापडी वेणीची नवीन लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, मी स्वतः बांधली, रंग जर्मन सर्किटप्रमाणे, आणि गाठ त्यांच्या पद्धतीनं घेतली.

डॅशबोर्डवरच्या लाकडाचं मात्र उलट केलं. ती पट्टी सागाची होती, इथं बनवलेली, कुणीतरी नंतर बसवलेली, नियमानं बघितलं तर पहिली काढायची वस्तू. पॉलिश उडालं होतं म्हणून मिरजेत सतारमेकर गल्लीत घेऊन गेले, की रंग जुळवून द्या. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांनी पट्टी उजेडात धरली, उलटी केली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, हे आमच्याच गल्लीतलं काम आहे, लाखेचं पॉलिश, आणि कडेची ही बारीक रेघ आम्ही सतारीच्या तबकडीला काढतो ती. कुणाच्या हातचं हे त्यांना सांगता येईना. मी तिथंच ठरवलं की ही पट्टी राहणार. २१९ एकूण २७,८४५ बनल्या, त्यातल्या एकीच्या डॅशबोर्डवर मिरजेच्या सतारीचं काम आहे, ते काढून जर्मनीहून दुसरं मागवायचं माझ्यानं झालं नसतं. पूर आला तेव्हा ती पट्टी मिरजेतच वाळत होती, म्हणून वाचली.

आता इंजिन. पुण्यात एका गॅरेजमागे ठोकलेली २१९ मिळाली, मागची बाजू संपलेली पण पुढचं सगळं शाबूत, इंजिन, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगवरच्या गिअरची लिंकेजसुद्धा. इंजिन खोललं, बोअर करून नवे पिस्टन घातले, क्रँक ग्राइंड केला, आणि पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा बॉनेटवर ठेवलेलं पाण्याचं भांडं हललं नाही इतकं शांत. ट्रॅक्सचं इंजिन आमच्या नात्यातल्या एकांच्या मळ्यात जनरेटरला लावलंय, उत्तम चालतंय.

आणि इथं एक गोष्ट झाली ती सांगायलाच हवी, कारण या धंद्यात ती सर्रास चालते. या कामात मुरलेल्या एका माणसानं मला सांगितलं की ब्लॉकवरचा नंबर घासून तुझ्या आरसीतला नंबर पंच करून देतो, आकडे अगदी जर्मन वळणाचे, कुणाला कळणार नाही. मग आरसी, डेटा कार्ड आणि इंजिन तिन्ही एक. मॅचिंग नंबर्स म्हटलं की गाडीची किंमत कुठल्या कुठे जाते. मोह झाला नाही असं म्हणणार नाही, आरटीओत इंजिन बदलाची नोंद करायला किती फेऱ्या लागणार हे मला दिसत होतं. पण तो गुन्हा आहेच, आणि गुन्हा नसता तरी मी केलं नसतं. दुसऱ्याच्या पाटीपायी ज्या गाडीत मी फसले त्याच गाडीत मी आणखी एक खोटा नंबर कोरून ठेवायचा आणि पुढच्या माणसाला फसवायचं? त्या ठोकलेल्या गाडीचं इंजिन त्याच्याच नंबरानं बसलंय, पावतीसकट आरसीत नोंदलंय, आठ महिने लागले.

२०२१च्या जुलैत केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचे नियम आणले तेव्हा पुष्कळ जणांनी मला विचारलं, आता तुमचं काय. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, आणि चेसिस, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको असं त्यात आहे. नवीन नोंदणीला व्हीए सीरीजचा नंबर, वीस हजार फी, दहा वर्षांची मुदत, जुना नंबर आधीपासून असेल तर तो ठेवता येतो. पण मग रोजच्या वापराला गाडी रस्त्यावर काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. मी त्या वाटेला गेले नाही. माझी नेहमीची नोंदणी चालू आहे, फिटनेस करून घेते, आणि मला ती मिरजेला भाजी आणायलासुद्धा न्यायचीय. शिवाय बदललेलं इंजिन आणि नवे सिल घेऊन "काही फेरफार नाही" असं लिहून द्यायचं माझ्या मनाला पटत नाही.

गाडी तयार झाली, काळी, ०४०, डिकीवर २१९ची पाटी, तेव्हा पहिली तासगावला नेली. अण्णांना आधी फोनवर सगळं सांगितलं होतं, डेटा कार्डाची झेरॉक्सही दिली होती, तरी गाडीमागं जाऊन ते पाटीकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "म्हंजी आबांना मुंबईतच फसवलं हुतं. त्यास्नी म्हाईत नव्हतं, ताई. मरस्तवर दोनशेवीस एसच म्हणायचे." मला इतकी वर्षं वाटत होतं की पाटी यांनी नाहीतर यांच्या वडिलांनी बदलली. मी माफी मागितली. ते म्हणाले जुनी पाटी असली तर द्या. होती, पिशवीत घालून नेलीच होती. त्यांनी ती आबांच्या फोटोखाली ठेवली, आम्ही चहा घेतला, मग त्यांना शेजारी बसवून कवठेएकंदपर्यंत चक्कर मारून आलो.

डेटा कार्ड, आरसी, फोटो, पावत्या, काय बदललं त्याची यादी, हे सगळं एका फाईलीत गाडीतच असतं, कुणीही उघडून वाचावं. यादीत अजून एक ओळ रिकामी आहे. मागचा डावीकडचा व्हीलकॅप मिळालेला नाही, सध्या १९०चा लावलाय आणि तसं लिहूनही ठेवलंय. तासगाव, विटा, जत भागात कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात, जुन्या सामानात तारा कोरलेला एखादा व्हीलकॅप पडलेला असेल तर कळवा, मी स्वतः येऊन बघून जाईन.