तात्यांच्या कानावर हेडफोन

पाण्याखालचे आवाज टिपणारा रेकॉर्डर बाहेर काढायला आम्ही भांगाचेच दिवस धरतो, भरती-ओहोटीचा जोर कमी असतो ते. उधाणाला पाण्याला ओढ असते. ते हायड्रोफोनवरून, म्हणजे पाण्याखालच्या माइकवरून, घासत जातं आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसती घरघर भरते, शिवाय खाली उतरणाऱ्या माणसाला दोर हाती लागत नाही. त्या सकाळी सिंधुदुर्गातल्या निवतीच्या बाजूला बोया जागेवर होता, यंत्र कुणाच्या जाळ्यातून गेलेलं नव्हतं. नळकांड्यावर इतकी कवचं बसली होती की तात्यांनी कोयतीने खरवडल्यावरच झाकण दिसलं.

तात्या म्हणजे ज्यांच्या होडीने आम्ही जातो ते. पूर्वी नुसती मासेमारी करायचे. आता दिवाळी ते मे पर्यटकांना डॉल्फिन दाखवतात आणि उरलेल्या वेळात जाळं टाकतात.

इथले डॉल्फिन हम्पबॅक जातीचे. मालवणीत गादे. जगात त्यांची गणना संकटग्रस्तांत होते आणि आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहेत. मुख्य अडचण अशी की ते किनाऱ्यालगतचं उथळ पाणी सोडून फारसे जात नाहीत, आणि पर्यटकांच्या होड्या फिरतात त्याही त्याच पट्ट्यात. आमचं काम एवढंच होतं: त्या पट्ट्यात पाण्याखाली कधी, किती आणि कसला आवाज असतो ते नोंदवायचं. आमचा रेकॉर्डर सेकंदाला 96,000 नमुने घेतो, म्हणजे 48 किलोहर्ट्झपर्यंतचं त्याला कळतं. डॉल्फिनच्या टिकटिकीचा बराच भाग त्याहूनही वर असतो, तो निसटतो. शिट्ट्या मात्र नीट मिळतात.

जाता जाता सांगते, असल्या कामावर असलं की सगळे एकच विचारतात: देवमासा ऐकू आला का? प्रश्न चुकीचा नाही. मार्च 2017 मध्ये गोव्याच्या ग्रांदी बेटाजवळ हम्पबॅक देवमाशांचं गाणं रेकॉर्ड झालं होतं. त्याच वर्षाअखेरीला ओमानच्या किनाऱ्यावर उपग्रह टॅग लावलेली ‘लुबान’ नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि परत गेली. पण रोजच्या संरक्षणाच्या कामाला देवमाशाच्या गाण्यापेक्षा होडीच्या इंजिनाची नोंद जास्त उपयोगी पडते, आणि ती ऐकायला कुणाला हौस नसते.

तात्यांना होती. त्यांच्या पडवीत लॅपटॉप उघडून मी सकाळचा एक तुकडा लावला. आधी लाह्या फुटल्यासारखा तडतडाट, अखंड. ही छोटी कोळंबी, नांगी इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा होऊन फुटतो. त्या तडतडाटावर दोन-तीन शिट्ट्या, वर चढत जाणाऱ्या. मग पहिली होडी आली. पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखात खालपासून वरपर्यंत पांढरा पट्टा भरून गेला आणि शिट्ट्या त्यात कुठे गेल्या ते दिसेना.

“ह्यां आमचांच इंजिन?” तात्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर म्हणाले, “मगे गादे पळाले म्हणतास?”

मी तसं म्हणत नव्हते. एका हायड्रोफोनवरून डॉल्फिन निघून गेले, गप्प झाले की नुसते आम्हाला ऐकू येईनासे झाले, हे ठरवता येत नाही. खात्रीने सांगता येतं ते इतकंच की शिट्ट्यांची पट्टी आणि होडीच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) आवाजाची पट्टी एकमेकांवर येते, आणि आम्हाला त्या ऐकू येत नव्हत्या तर जवळच्या दुसऱ्या डॉल्फिनलाही ऐकायला जड गेलं असणार. आमच्या कामात या फरकाकडे घाईने दुर्लक्ष करणारे पुष्कळ भेटतात. तात्यांना तो फरक लगेच पटला. म्हणाले, “पुढ्यात होडी घातली तर ते बुडतत, बाजूक रवली तर रवतत.”

मग त्यांनीच दुपारी होड्या काढायला लावल्या. एका होडीत इंजिन बंद करून तात्या आणि मी, हातातला हायड्रोफोन पाण्यात सोडलेला, हेडफोन तात्यांच्या कानावर. दुसरी होडी त्यांचा पुतण्या आमच्या बाजूने नेत होता. आधी सावकाश, मग पर्यटकांना घेऊन जातात तशी जोरात. जोरात गेली तेव्हा तात्यांनी हेडफोनचा एक कान उचलला. वेग वाढला की पंख्याच्या पात्यांवर बुडबुडे तयार होऊन फुटू लागतात, बहुतेक गोंगाट तो. पण त्यांना सगळ्यात खटकलं ते वेगळंच. पुतण्याने जवळ येऊन गिअर टाकला, काढला, पुन्हा टाकला, जसं डॉल्फिन वर आल्यावर होडी वळवायला सगळेच करतात. प्रत्येक वेळी खाड्कन आवाज.

“थांबव रे ता!” तात्या ओरडले. पुतण्याला वाटलं, काहीतरी अडकलं.

तेव्हा मी काही सांगायची गरजच उरली नाही. सावकाश जायचं, समांतर राहायचं, जवळ गेल्यावर गिअरशी खेळायचं नाही, हे तात्यांनी किनाऱ्यावरच्या इतरांना आपल्या भाषेत सांगितलं. एकाने विचारलं, “गिऱ्हायकाक गादे दिसले नाय तर पैशे कोण देतलो?” त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, तात्यांकडेही नव्हतं.

परतण्याआधी मात्र एक गोष्ट झाली. दोन्ही इंजिनं बंद होती, तरी तात्या हेडफोन काढेनात. तडतडाटाच्या खाली एक सलग घुमणं होतं, हललं नाही, संपलं नाही. क्षितिजावर काही दिसत नव्हतं. मी सांगितलं, दूरवरून जाणारं मालवाहू जहाज. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर धावतो, आणि इतका खालचा आवाज फार लांब टिकतो.

“आमका सांगतास, हळू चला. तेका कोण सांगतलो?”

जहाजांचा आवाज कमी करण्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2014 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, 2023 मध्ये त्या सुधारल्या. पाळायच्या की नाही ते ऐच्छिक आहे. हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. म्हणून पुढे म्हटलं, जहाजाचा आवाज बहुतेक एक किलोहर्ट्झच्या खाली असतो, डॉल्फिनच्या शिट्ट्या त्याच्या बऱ्याच वर. त्यांना याचा त्रास कमी.

“आनि माशांका?”

माशांची पट्टी मात्र तीच. ढोमे संध्याकाळी थव्याने आवाज काढतात ते त्याच खालच्या पट्टीत.

“ढोमे बोलतत ता आमका ठाऊक आसा. माझो बापूस होडयेच्या तळाक कान लावी.” थोडं थांबून म्हणाले, “रिपोर्टात ह्या जहाजाचा पन लिवा. आमचांच नको.”

लिहिलं. होड्यांच्या शिफारशींच्या आधी, खालच्या पट्टीतल्या पातळ्यांचा वेगळा भाग घातला. पुढच्या प्रस्तावात बाहेरच्या खोल पाण्यात, जहाजांच्या वाटेकडे दुसरा हायड्रोफोन मागितला आहे. जागा तात्यांनीच सुचवली. तिथे जाळी पडत नाहीत, म्हणाले.